नॉर्मन बेथ्यून

हेन्री नॉर्मन बेथ्यून (४ मार्च, इ.स. १८९० - १२ नोव्हेंबर, इ.स. १९३९) हे कॅनडातील शल्यचिकित्सक होते. स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिद येथे त्यांनी उभारलेली फिरती रक्त संक्रमण सेवा आणि पुढे चीन-जपान युद्धात उत्तर चीनच्या डोंगराळ भागात त्यांनी जखमी सैनिकांवर केलेले उपचार यांसाठी ते ओळखले जातात. अतिरक्तस्राव झालेल्या जखमीला रक्तापर्यंत नेण्याऐवजी रक्तच त्याच्यापर्यंत नेले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी दोन युद्धांत, दोन अगदी भिन्न परिस्थितींत राबविले. फिरत्या रक्तपेढीचे जनक असा त्यांचा उल्लेख अनेकदा केला जातो. तो काटेकोरपणे पाहता बरोबर नाही. मात्र त्यामुळे त्यांच्या कार्याचे महत्त्व कमी होत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी चीनमध्ये ज्या रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले, ते रुग्णालय बेथ्यून यांच्या नावाचे होते.

पूर्वायुष्य

बेथ्यून यांचा जन्म ऑन्टॅरियो प्रांतातील ग्रेव्हनहर्स्ट या छोट्या गावी झाला. वडील माल्कम बेथ्यून हे प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते आणि आई एलिझाबेथ ॲन गुडविन यादेखील धर्मप्रसाराच्या कार्यात होत्या. आजोबांचे नावही नॉर्मन बेथ्यून असेच होते. ते टोरोंटोतील शल्यचिकित्सक आणि तेथील एका वैद्यकीय विद्यालयाच्या संस्थापकांपैकी एक होते. नातवाने पुढे घराण्याच्या धर्मनिष्ठेकडे पाठ फिरविली, पण आजोबांचा व्यवसाय स्वीकारला.

टोरोंटो विद्यापीठात शिकत असताना इ.स. १९११ मध्ये त्यांनी अभ्यासक्रम मध्येच थांबविला आणि फ्रंटियर कॉलेज या संस्थेतर्फे उत्तर ऑन्टॅरियोतील लाकूडतोड्यांच्या छावणीत शिक्षक म्हणून काम केले. दिवसभर मजुरांबरोबर श्रम करायचे आणि संध्याकाळी त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचे, अशी या संस्थेची पद्धत होती. इ.स. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांनी पुन्हा शिक्षण अर्धवट सोडले व कॅनडाच्या सैन्यातील वैद्यकीय पथकात स्ट्रेचर वाहून नेणारा सैनिक म्हणून ते भरती झाले. इ.स. १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा पाय जायबंदी झाला. मायदेशी परतल्यावर इ.स. १९१६ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि लगेच ब्रिटिश नौदलात शल्यचिकित्सक म्हणून नोकरी धरली. युद्ध संपल्यावर लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात त्यांनी प्रशिक्षण घेतले. एडिंबरो येथील शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाची फेलोशिप त्यांना इ.स. १९२२ मध्ये मिळाली.

इ.स. १९२३ मध्ये त्यांनी फ्रान्सिस कॅम्बेल पेनी यांच्याशी विवाह केला. हे दांपत्य पुढील वर्षी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी स्थायिक झाले व बेथ्यून यांनी तेथे स्वतःचा व्यवसाय सुरू केला.

क्षयरोग आणि माँट्रियलमधील वर्षे

इ.स. १९२६ मध्ये बेथ्यून यांना फुप्फुसाचा क्षय झाला. न्यू यॉर्क राज्यातील सॅरानॅक लेक येथील ट्रूडो आरोग्यधामात त्यांना दाखल करण्यात आले. क्षयावर गुणकारी औषध तेव्हा नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हाच उपचार होता. आपण वाचणार नाही असे गृहीत धरून त्यांनी पत्नीला घटस्फोट घेण्यास सांगितले आणि तो इ.स. १९२७ मध्ये झाला. याच काळात त्यांनी सहरुग्णांसोबत राहत असलेल्या कुटीच्या भिंतींवर, आवेष्टनाच्या कागदावर, स्वतःच्या आजाराची चित्रमालिका रेखाटली. तिच्या शेवटी त्यांनी आपला मृत्यूही चितारला होता.

आरोग्यधामाच्या ग्रंथालयात वाचन करताना त्यांना कृत्रिम रीत्या फुप्फुस मिटविण्याच्या उपचाराची माहिती मिळाली. छातीच्या पोकळीत सुईने हवा भरली की रोगग्रस्त फुप्फुस आकुंचित होते आणि त्याला विश्रांती मिळून व्रण भरून येण्यास वाव मिळतो. हा उपचार आपल्यावर करावा असा आग्रह त्यांनी तेथील डॉक्टरांकडे धरला. उपचार लागू पडला आणि इ.स. १९२७ च्या अखेरीस ते आरोग्यधामातून बाहेर पडले. फ्रान्सिस यांच्याशी त्यांनी इ.स. १९२९ मध्ये पुन्हा विवाह केला, इ.स. १९३३ मध्ये दोघे दुसऱ्यांदा विभक्त झाले.

या अनुभवानंतर त्यांनी छातीच्या शस्त्रक्रिया हेच आपले क्षेत्र ठरविले. इ.स. १९२८ पासून माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात एडवर्ड आर्चिबाल्ड यांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि इ.स. १९३३ मध्ये शहराजवळच्या कार्तिएव्हिल येथील साक्रे-कर रुग्णालयात ते विभागप्रमुख झाले. शस्त्रक्रियेची अनेक साधने त्यांनी नव्याने घडविली. त्यांपैकी बरगड्या कापण्याची कात्री त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ वापरात राहिली. शस्त्रक्रियेतील त्यांचा झपाटा आणि धाडस यांविषयी सहकाऱ्यांमध्ये कौतुक होते, तशी नाराजीही होती. स्वभावाने ते तापट व हट्टी होते आणि अतिमद्यपान हा त्यांचा दोष आयुष्याच्या बऱ्याच काळात त्यांना भोवला.

जागतिक मंदीच्या काळात बरे होऊन घरी गेलेले गरीब रुग्ण त्याच कोंदट खोल्यांत आणि त्याच उपासमारीत पुन्हा आजारी पडून परत येत. क्षयाचे कारण जंतू असला तरी मृत्यूचे कारण बहुधा दारिद्र्य असते, अशी त्यांची खात्री होत गेली. इ.स. १९३५ मध्ये लेनिनग्राड येथे भरलेल्या शरीरक्रियाविज्ञान परिषदेच्या निमित्ताने त्यांनी सोव्हिएत संघातील क्षयनियंत्रणाची व्यवस्था पाहिली. परत आल्यावर ते कॅनडाच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. इ.स. १९३६ मध्ये काही डॉक्टर, परिचारिका व समाजसेवकांना एकत्र आणून त्यांनी क्वेबेक प्रांतासाठी सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या वैद्यकीय सेवेची योजना मांडली. वैद्यकीय व्यवसायातील धुरीणांनी आणि राजकारण्यांनी ती दुर्लक्षित केली.

युद्धभूमीवरील रक्त संक्रमण: तत्कालीन स्थिती

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यापैकी ४० टक्क्यांहून अधिक वाहून गेल्यास मेंदू, हृदय व मूत्रपिंडे यांना प्राणवायू पुरेनासा होतो, रक्तदाब कोसळतो आणि रक्त दिले न गेल्यास रुग्ण लवकरच दगावतो. मिठाचे पाणी शिरेतून दिल्यास रक्तदाब काही वेळ सावरतो. पण पाणी प्राणवायू वाहून नेत नाही आणि रक्त गोठविणारे घटक मात्र अधिक विरळ करते. म्हणून अशा रुग्णाला रक्ताची आवश्यकता असते आणि तेही लवकर.

कार्ल लॅन्डस्टायनर यांनी इ.स. १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध लावला होता. इ.स. १९१४-१५ च्या सुमारास सोडियम सायट्रेट मिसळल्यास रक्तातील कॅल्शियम बांधले जाऊन ते गोठत नाही, हे सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात कॅनडाचे शल्यचिकित्सक ब्रूस रॉबर्टसन यांनी ब्रिटिश सैन्याच्या डॉक्टरांना रक्त संक्रमणाचे महत्त्व पटविले, तर अमेरिकेच्या सैन्यातील ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी इ.स. १९१७ मध्ये आधी गोळा करून थंड ठेवलेले रक्त कांब्रेच्या लढाईतील जखमींना दिले. या दोन्ही रॉबर्टसनांचा परस्परांशी नातेसंबंध नव्हता. नामसाम्यामुळे लेखनात त्यांची गल्लत होताना दिसते. युद्ध संपले आणि हे ज्ञान बहुतांशी बाजूला पडले. पुढील दोन दशके रक्त संक्रमण म्हणजे रुग्णालयात दात्याला रुग्णाशेजारी आणून तेथल्या तेथे केलेला उपचार, असेच सर्वसाधारण स्वरूप राहिले. युद्धात यातील अडचण उघड होती. सर्वाधिक रक्त गमावलेला जखमी हाच आघाडीपासून मागच्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास सोसण्यास सर्वांत असमर्थ असे.

स्पेनमधील रक्त संक्रमण सेवा

जुलै १९३६ मध्ये जनरल फ्रँको व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेनच्या निर्वाचित प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड पुकारले. प्रजासत्ताकाच्या मदतीसाठी कॅनडात स्थापन झालेल्या समितीने वैद्यकीय पथक पाठविण्याचे ठरविले आणि त्याचे नेतृत्व बेथ्यून यांच्याकडे सोपविले. रुग्णालयातील पदाचा राजीनामा देऊन ते ऑक्टोबरमध्ये निघाले व ३ नोव्हेंबर १९३६ रोजी माद्रिदला पोहोचले. फ्रँकोंचे सैन्य त्या वेळी शहराच्या वेशीवर येऊन ठेपले होते.

शस्त्रक्रियागृहात आणखी एका शल्यचिकित्सकाची भर पडल्याने फारसा फरक पडणार नाही, असे त्यांना काही दिवसांतच जाणवले. मूळचे डेन्मार्कचे असलेले त्यांचे दुभाषी हेनिंग सोरेन्सन यांच्यासह रुग्णालये आणि आघाड्यांची पाहणी केल्यावर त्यांनी वेगळी कल्पना पुढे मांडली. शहरातील नागरिकांकडून रक्त घ्यावे, ते थंड ठेवावे आणि मागणी येताच मोटारीने आघाडीजवळच्या उपचारकेंद्रांवर पोहोचवावे, अशी ती योजना होती. प्रजासत्ताकाच्या बाजूच्या मदतसंस्थेने तिला मान्यता दिली. बेथ्यून यांनी पॅरिस व लंडन येथे जाऊन आवश्यक सामग्री खरेदी केली. रक्त संक्रमण हा त्यांचा विषय नव्हता; त्यावरील वाङ्मय त्यांनी या प्रवासातच झपाट्याने वाचून काढले. लंडनमध्ये घेतलेल्या एका फोर्ड मोटारीत शीतपेटी, निर्जंतुकीकरणाची भांडी, बाटल्या व शस्त्रक्रियेची उपकरणे भरून, कॅनडाचे तरुण वास्तुविशारद हेझन साइझ यांना सोबत घेऊन ते डिसेंबरात माद्रिदला परतले.

प्रिन्सिपे दे व्हेर्गारा या रस्त्यावरील एका प्रशस्त निवासस्थानात सेवेचे कार्यालय थाटण्यात आले. वृत्तपत्रे आणि नभोवाणीवरून रक्तदानाचे आवाहन होताच दात्यांची रीघ लागली. उपासमार आणि बाँबहल्ले सोसणाऱ्या शहराने रक्तही द्यावे, ही अपेक्षा वरवर पाहता अवाजवी होती. पण माद्रिदकरांनी, विशेषतः तेथील स्त्रियांनी, ती भरभरून पूर्ण केली. दात्याचा रक्तगट तपासला जाई आणि त्याला उपदंश किंवा हिवताप नाही याची खातरजमा केली जाई. घेतलेले रक्त सायट्रेट मिसळून बाटल्यांत भरीत आणि शीतपेटीत ठेवीत. ओ गटाचे रक्त बहुतेक कोणालाही चालत असल्याने आघाडीवरच्या घाईत ते विशेष मोलाचे ठरे. दूरध्वनीवरून निरोप आला की बाटल्या, गाळणी, नळ्या व सुया टोपलीत भरून मोटार निघे. वेळ रात्रीची असे आणि पुष्कळदा रस्ता तोफांच्या माऱ्यात असे. पुढे इ.स. १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे जनुकशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनीही इ.स. १९३७ च्या आरंभी या संस्थेत काही आठवडे काम केले.

या सेवेत वैज्ञानिक नावीन्य फारसे नव्हते. सायट्रेट, शीतकरण व रक्तगट या तिन्ही गोष्टी आधीच ज्ञात होत्या. दाता, साठवण, वाहतूक आणि जखमी यांना एका साखळीत बांधणे हे बेथ्यून यांचे काम होते. जखम झाल्यापासून पहिली बाटली लागेपर्यंतचा वेळ कमी करणे हा त्या साखळीचा एकमेव उद्देश होता.

दुरान-जोर्दा आणि अग्रक्रमाचा प्रश्न

फिरत्या रक्त संक्रमण सेवेचा आरंभ स्पेनमध्ये बेथ्यून यांच्या आधीच झाला होता. बार्सेलोना येथील डॉक्टर फ्रेदेरिक दुरान-जोर्दा यांनी सप्टेंबर १९३६ मध्ये, म्हणजे बेथ्यून स्पेनला पोहोचण्यापूर्वी, साठविलेले रक्त आरागोनच्या आघाडीवर धाडले. त्यांची पद्धत तांत्रिक दृष्ट्या अधिक प्रगत होती. ओ गटाच्या सहा दात्यांचे रक्त एकत्र करून व गाळून ते दाबाखाली बंद केलेल्या काचेच्या कुपीत भरले जाई. हवेच्या दाबामुळे रक्त आपोआप शिरेत उतरत असल्याने आघाडीवर वेगळी जुळवाजुळव करावी लागत नसे. सुमारे अडीच वर्षांत या संस्थेने ९,००० लिटरच्या आसपास रक्त गोळा केले. प्रजासत्ताकाचा पाडाव झाल्यावर दुरान-जोर्दा इंग्लंडला गेले आणि त्यांचा अनुभव दुसऱ्या महायुद्धापूर्वी लंडनमध्ये रक्तपेढ्या उभारणाऱ्या जॅनेट व्हॉन यांना उपयोगी पडला.

बेथ्यून यांची ख्याती जगभर झाली आणि दुरान-जोर्दा यांचे नाव तज्ज्ञांपुरते मर्यादित राहिले. यामागे वैद्यकापेक्षा प्रसिद्धीचा आणि राजकारणाचा भाग मोठा आहे. बेथ्यून इंग्रजी भाषिक होते, उत्तम वक्ते होते आणि त्यांच्या कार्यावर चित्रपट निघाले. कॅटलन डॉक्टर पराभूत बाजूचे निर्वासित ठरले.

मालागा-अल्मेरिया मार्ग

फेब्रुवारी १९३७ मध्ये बेथ्यून, साइझ आणि चालक थॉमस वर्स्ली हे रक्त व सामग्री घेऊन दक्षिणेकडील मालागाच्या आघाडीकडे निघाले. ते पोहोचण्यापूर्वीच, ८ फेब्रुवारीला, शहर फ्रँकोंच्या हाती पडले होते. अल्मेरियाच्या पुढे त्यांना समुद्रकाठच्या रस्त्याने उलट दिशेने येणारा निर्वासितांचा लोंढा भेटला. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या सुमारे २०० किलोमीटरच्या त्या चिंचोळ्या मार्गावर हजारो स्त्रिया, मुले व वृद्ध चालत होते. वरून विमाने आणि समुद्रातून युद्धनौका त्यांच्यावर मारा करीत होत्या.

रक्त पोहोचविण्यासाठी आलेल्या या गाडीतील सामग्री उतरवून ठेवण्यात आली आणि तीत माणसे भरण्यात आली. आधी फक्त मुलांना घ्यावे असे ठरले. पण आईपासून मूल वेगळे करणे अशक्य ठरू लागल्याने कुटुंबेही घेतली गेली. अनेक दिवस व रात्री ही गाडी अल्मेरियापर्यंत फेऱ्या करीत राहिली. निर्वासितांनी गच्च भरलेल्या अल्मेरियावरही नंतर बाँब टाकण्यात आले. या घटनेवर बेथ्यून यांनी लिहिलेली पुस्तिका साइझ यांच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाली. या पलायनाचे जे मोजके प्रत्यक्षदर्शी पुरावे उरले, त्यांत तिची गणना होते.

स्पेनमधून परतणे

इ.स. १९३७ च्या पूर्वार्धात प्रजासत्ताक सरकारने विखुरलेल्या वैद्यकीय सेवा सैन्याच्या एकछत्री नियंत्रणाखाली आणण्यास सुरुवात केली. रक्त संक्रमण सेवेतही स्पॅनिश डॉक्टरांचा वाटा वाढला. बेथ्यून यांना हे रुचले नाही. स्पॅनिश सहकाऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडाले, मद्यपान वाढले आणि त्यांच्याच पथकातील काहींनी त्यांना परत बोलवावे अशी मागणी केली. नंतरच्या गौरवपर चरित्रांत हा भाग बहुधा गाळलेला आढळतो. जून १९३७ मध्ये ते कॅनडाला परतले. सेवा त्यांच्यावाचून चालू राहिली, ही तिच्या बांधणीला मिळालेली पावतीच म्हणावी लागेल. कॅनडा आणि अमेरिकेत त्यांनी निधीसाठी दौरे केले. हार्ट ऑफ स्पेन हा रक्त संक्रमण सेवेवरील माहितीपट या सभांतून दाखविला जाई. याच दौऱ्यात त्यांनी आपण कम्युनिस्ट असल्याचे जाहीर केले आणि कॅनडातील वैद्यकीय व्यवसायाचे दरवाजे त्यांना जवळजवळ बंद झाले.

चीनमधील कार्य

जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर सर्वंकष आक्रमण केले. जानेवारी १९३८ मध्ये बेथ्यून व्हँकुव्हरहून बोटीने चीनला निघाले. सोबत परिचारिका जीन यूएन व अमेरिकेतील एक डॉक्टर होते. मार्चअखेर ते कम्युनिस्टांचे मुख्य ठाणे असलेल्या येनान येथे पोहोचले आणि माओ त्से-तुंग यांना भेटले. तेथून त्यांनी शान्सी व हपै प्रांतांच्या सीमेवरील वुताइ पर्वताचा प्रदेश गाठला. जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या या भागात जनरल न्ये रुंगचेन यांच्या नेतृत्वाखाली आठव्या मार्ग सेनेचा गनिमी लढा चालू होता. लाखोंच्या वस्तीसाठी आणि हजारो सैनिकांसाठी येथे प्रशिक्षित डॉक्टर अगदी थोडे होते. जखमी सैनिक मळक्या पट्ट्यांत, विटांच्या ओट्यांवर पडून असत.

सुंगयेनख्वौ या गावी बेथ्यून यांनी एक आदर्श रुग्णालय उभारले. सप्टेंबर १९३८ मध्ये त्याचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले आणि काही आठवड्यांतच जपानी सैन्याने ते उद्ध्वस्त केले. गनिमी युद्धात इमारत टिकत नाही, हे जनरल न्ये यांनी आधीच सुचविले होते. त्यानंतर बेथ्यून यांनी फिरत्या पथकावर भर दिला. खेचराच्या पाठीवर चढविता येईल असे, पुलाच्या आकाराचे एक लाकडी खोगीर त्यांनी तयार करवून घेतले. त्यातील कप्प्यांत औषधे व हत्यारे बसत. ज्या पुलापाशी चीन-जपान युद्धाला तोंड फुटले, त्या लुकौ पुलाचे नाव या खोगिराला देण्यात आले.

माद्रिदमधील पद्धत येथे जशीच्या तशी वापरणे शक्य नव्हते. वीज, शीतपेटी, मोटार यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते, त्यामुळे रक्त साठविण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय रक्त दिल्याने शरीर कायमचे दुबळे होते, अशी समजूत गावकऱ्यांत आणि सैनिकांतही प्रचलित होती. बेथ्यून यांचा स्वतःचा रक्तगट ओ होता. त्यांनी सर्वांसमक्ष झोपून आपले रक्त जखमी सैनिकाला दिले आणि नंतर उठून पुन्हा कामाला लागले. असे त्यांनी एकाहून अधिक वेळा केले. हळूहळू डॉक्टर, कर्मचारी आणि गावकरी पुढे आले. आधीच गट तपासून ठेवलेल्या स्वयंसेवकांची पथके तयार झाली. गरज पडताच त्यांतील दात्याला बोलावून ताजे रक्त दिले जाई. शहरातील बाटल्यांची जागा येथे चालत्या-बोलत्या माणसांनी घेतली.

लढाईच्या ठिकाणापासून शक्य तितक्या जवळ शस्त्रक्रिया करण्याचा त्यांचा आग्रह असे. एप्रिल १९३९ मध्ये मध्य हपैतील छिहुइ येथील लढाईत त्यांच्या पथकाने एका लहान मंदिरात ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. उरलेल्या वेळात ते खेड्यांतील अल्पशिक्षित तरुणांना मलमपट्टी, निर्जंतुकीकरण आणि साध्या शस्त्रक्रिया शिकवीत व त्यांच्यासाठी सचित्र पाठ्यपुस्तके लिहीत. प्रत्येक पुस्तक दुभाष्याच्या साहाय्याने चिनी भाषेत उतरविले जाई. माद्रिदमध्ये सहकाऱ्यांशी न पटलेले बेथ्यून येथेही रागावत आणि ओरडत. परंतु शिष्यांनी ते सहन केले.

मृत्यू

ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस बेथ्यून निधी व औषधे मिळविण्यासाठी कॅनडाला जाण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात जपानी सैन्याची नवी चढाई सुरू झाल्याने त्यांनी प्रयाण पुढे ढकलले. हातमोज्यांशिवाय घाईने शस्त्रक्रिया करताना त्यांच्या डाव्या हाताचे बोट कापले गेले. नंतर एका दूषित जखमेवर शस्त्रक्रिया करताना त्याच बोटातून जंतूंचा शिरकाव झाला. संसर्ग रक्तात पसरला. सल्फा वर्गातील औषधे जगात नुकतीच आली होती, पण या डोंगरांत ती नव्हती; पेनिसिलिन अद्याप प्रयोगशाळेबाहेर पडले नव्हते. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी हपैच्या थांग परगण्यातील ह्वांगशख्वौ या गावी, एका शेतकऱ्याच्या घरात, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या हत्यारांची आणि वस्तूंची सहकाऱ्यांत वाटणी करणारे पत्र त्यांनी मागे ठेवले होते.

कोटणीस आणि भारतीय वैद्यकीय पथक

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने इ.स. १९३८ मध्ये चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. मदन अटल, मो. रा. चोळकर, द्वारकानाथ कोटणीस, बिजॉयकुमार बसू आणि देबेश मुखर्जी हे त्याचे सदस्य होते. त्यांपैकी चोळकर नागपूरचे, तर कोटणीस सोलापूरचे होते आणि कोटणीसांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले होते. पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले, तेव्हा बेथ्यून दूर आघाडीवर होते. कोटणीस व बसू त्या प्रदेशात इ.स. १९४० मध्ये गेले. त्यामुळे बेथ्यून आणि कोटणीस यांची भेट कधीच झाली नाही, ही बाब लोकप्रिय लेखनात पुष्कळदा निसटते.

बेथ्यून यांच्या मृत्यूनंतर त्यांचे नाव दिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. बेथ्यून यांनी घालून दिलेली आघाडीजवळ शस्त्रक्रिया करण्याची पद्धत व प्रशिक्षणाची परंपरा त्यांनी पुढे चालविली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने त्यांचे निधन झाले. दोघांच्याही समाध्या आज हपै प्रांतातील शिच्याच्वांग येथील हुतात्मा दफनभूमीत आहेत. व्ही. शांताराम यांचा डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट इ.स. १९४६ मध्ये प्रदर्शित झाला.

नंतरच्या काळातील रक्त संक्रमण

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी अमेरिकेच्या सैन्याने टिकाऊपणा आणि वाहतुकीची सोय पाहून रक्ताऐवजी वाळविलेल्या रक्तद्रवावर भिस्त ठेवली. इ.स. १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील अनुभवावरून शल्यचिकित्सक एडवर्ड चर्चिल यांनी गंभीर जखमींना रक्तद्रव पुरेसा नसून संपूर्ण रक्त हवे, असे ठामपणे मांडले. स्पेनमध्ये हा धडा सहा-सात वर्षे आधीच मिळाला होता. युद्धोत्तर काळात रक्ताचे घटक वेगळे करण्याचे तंत्र आले आणि रक्तपेढ्यांच्या दृष्टीने ते फार सोयीचे ठरले. मात्र अतिरक्तस्रावाच्या रुग्णाला केवळ तांबड्या पेशी आणि सलाईन दिल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, शरीर थंड पडते, रक्तातील आम्लता वाढते आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींना बळ देत रक्तस्राव वाढवितात, हे पुढे ध्यानात आले. आता तांबड्या पेशी, रक्तद्रव व प्लेटलेट सुमारे समान प्रमाणात देण्याकडे, सलाईन मर्यादित ठेवण्याकडे आणि काही ठिकाणी पुन्हा संपूर्ण रक्त वापरण्याकडे कल आहे.

इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत अमेरिकेच्या सैन्याने आधी तपासून ठेवलेल्या सैनिकांकडून आयत्या वेळी ताजे रक्त घेण्याची पद्धत वापरली. वुताइ पर्वतातील स्वयंसेवक पथकांशी तिचे साम्य आहे. लंडनच्या हवाई रुग्णवाहिका सेवेने इ.स. २०१२ पासून अपघातस्थळीच रक्त देण्यास सुरुवात केली.

स्मृती

बेथ्यून यांच्या मृत्यूनंतर दीड महिन्याच्या आत माओ यांनी त्यांच्यावर एक छोटा लेख लिहिला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तो चीनमधील शाळकरी मुलांना मुखोद्गत असे. त्यामुळे पाइ छ्यूअन या चिनी नावाने ते तेथे घरोघरी परिचित झाले. मायदेशात मात्र त्यांच्या राजकीय मतांमुळे त्यांचे नाव दीर्घकाळ उपेक्षित राहिले. इ.स. १९७० मध्ये कॅनडा व चीन यांच्यात राजनैतिक संबंध प्रस्थापित झाल्यावर ही स्थिती पालटली. इ.स. १९७२ मध्ये कॅनडा सरकारने त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाची व्यक्ती म्हणून मान्यता दिली. ग्रेव्हनहर्स्ट येथील त्यांच्या जन्मघराचे संग्रहालय इ.स. १९७६ मध्ये खुले झाले. माँट्रियलमध्ये त्यांचा पुतळा आहे. तो चीनने भेट दिला आहे. टेड ॲलन आणि सिडनी गॉर्डन यांनी इ.स. १९५२ मध्ये लिहिलेले चरित्र अनेक भाषांत गेले, तर रॉडरिक व शॅरन स्ट्युअर्ट यांचे इ.स. २०११ मधील चरित्र अधिक चिकित्सक आहे. इ.स. १९९० मधील चित्रपटात त्यांची भूमिका डोनाल्ड सदरलँड यांनी केली.